एकाला बीपी वाढवायचं इंजेक्शन, दुसऱ्याला बीपी उतरवायची गोळी: आयसीयूतली इमर्जन्सी औषधं काम कशी करतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: काकांना लावणीच्या दिवसांत लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांमुळे पसरणारा ताप) झाला, आयसीयूत होते, आणि बरेच दिवस त्यांना मशीनमधून ‘नॉरअॅड’ चालू होतं. पुढच्या उन्हाळ्यात चुलतभावाच्या मुलाला विंचू चावला, पोरगं घामाने निथळतंय, हातपाय गार, आणि डॉक्टरांनी दिली काय, तर बीपीची गोळी. दोघंही सीरियस, मग एकाला एवढं मोठं इंजेक्शन आणि दुसऱ्याला साधी गोळी, असं का? ही औषधं नक्की करतात काय? आणि घरात यातलं काही ठेवता येईल का?

मी फिजिशियन आहे, रायगड-रत्नागिरीच्या पट्ट्यात छोटा आयसीयू बघतो, त्यामुळे हे दोन्ही पेशंट माझ्या रोजच्या ओळखीचे आहेत. उत्तर लांबणार आहे. मधे डोस येतील ते समजण्यासाठी आहेत, घरी करून बघायला नाहीत.

आधी एक गैरसमज काढू. इंजेक्शन म्हणजे पॉवरफुल आणि गोळी म्हणजे हलकी असं काही नसतं. काकांना मशीनमधून जे चालू होतं आणि विंचवामुळे त्या पोराच्या अंगात जे उसळलं होतं ते जवळजवळ एकाच घराण्यातलं रसायन आहे. काकांच्या रक्तवाहिन्या त्या रसायनाला दाद देत नव्हत्या म्हणून ते बाहेरून आणखी द्यावं लागलं, पोराच्या अंगात त्याचा पूर आला होता म्हणून त्याची वाट अडवावी लागली.

हे रसायन म्हणजे अॅड्रेनलिन आणि त्याचं भावंड नॉरअॅड्रेनलिन, म्हणजेच तुमच्या प्रश्नातलं ‘नॉरअॅड’. आपल्या किडनीच्या डोक्यावर एक छोटी ग्रंथी असते, तिच्यातून आणि मज्जातंतूंच्या टोकांतून ही बाहेर पडतात. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत अल्फा नावाचे रिसेप्टर, म्हणजे हे रसायन जिथे जाऊन बसतं त्या जागा, असतात, ते चेतवले की वाहिनी आवळते आणि बीपी चढतं. हृदयात बीटा-१, तिथे ठोके जोरात आणि भराभर. श्वासनलिकांत बीटा-२, तिथे मात्र उलटं, नळी सैल पडते आणि दम मोकळा होतो. अॅड्रेनलिन या तिन्हींवर काम करतं, नॉरअॅड्रेनलिन मुख्यतः अल्फावर आणि थोडं हृदयावर. एवढं लक्षात ठेवलंत तरी आयसीयूतली निम्मी औषधं समजली म्हणायची.

आता विंचू. आपल्याकडे जीव घेतो तो लाल विंचू, जांभ्याच्या गडग्यात, चिरेखाणीत, लाकडांच्या रासेत, पडवीत काढून ठेवलेल्या चपलेत सापडतो तो. मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर पण तिने माणूस सहसा दगावत नाही. लाल विंचवाचं विष मज्जातंतूंमधले सोडियमचे दरवाजे बंदच होऊ देत नाही, त्यामुळे तंतू थांबायचं नावच घेत नाहीत, सारखे संदेश सोडत राहतात. आधी उलट्या, तोंडाला लाळ, घाम असा की अंगावरचा शर्ट पिळून काढावा, आणि मग अॅड्रेनलिन-नॉरअॅड्रेनलिनचा लोंढा. रक्तवाहिन्या सगळ्या आवळतात, हातपाय बर्फासारखे गार पडतात, बीपी चढतं, हृदयाला त्या आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलता ढकलता नाकी नऊ येतात आणि शेवटी फुफ्फुसात पाणी भरतं. पेशंट गुलाबी फेस खोकायला लागतो.

इथे एक गोष्ट लोकांना उलट वाटते. ज्याला चावल्या जागी ठणका असह्य आहे, बोंबा मारतोय, पण अंग कोरडं आणि पाय गरम, तो बहुतेक वेळा सुखरूप घरी जातो. आणि ज्याला दुखत फारसं नाही, गप्प पडलाय, घाम येतोय आणि पाय गार आहेत, त्याच्याकडे आम्ही धावतो. घरचे बिचारे सांगत असतात की ‘डॉक्टर, दुखायचं थांबलं, बरा आहे आता’.

या रोगाचं कोडं सुटलं ते आपल्याच कोकणात, महाडला. डॉ. हिम्मतराव बावसकर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते तेव्हा विंचवाचे पेशंट डोळ्यांदेखत जात होते, शंभरातले तीसच्या घरात. त्यांनी पेशंटच्या उशाशी बसून नाडी, बीपी, घाम सगळं लिहून काढलं, १९८२ मध्ये ते लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आलं, आणि १९८६ मध्ये प्राझोसिनबद्दल. प्राझोसिन म्हणजे तुमच्या प्रश्नातली ती ‘बीपीची गोळी’. ती अल्फा रिसेप्टरवर जाऊन बसते, मग अॅड्रेनलिन कितीही उसळलं तरी वाहिनी आवळत नाही, हृदयावरचा भार उतरतो, फुफ्फुसात पाणी जायचं टळतं. वेळेत दिली तर मरणाचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास येतं. काही रुपयांच्या गोळीने हे केलंय, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली ती उगाच नाही.

डोस साधारण किलोला ३० मायक्रोग्रॅम, आणि दर तीन तासांनी परत, कुठवर? तर पाय गरम होईपर्यंत. घड्याळ बघून किंवा पाकिटावरचं वाचून नाही, तळपायाला हात लावून. नर्सिंग स्टाफला मी हेच सांगतो की मॉनिटरचा आकडा लिहा पण आधी पायाला हात लावा, हातमोजा काढून. गोळी साधी हवी, एक्सएल म्हणून मिळते ती सावकाश सुटणारी, ती इथे कामाची नाही आणि चुरा करून देणं तर त्याहून वाईट. आणि गोळी दिल्यावर पोराला आडवंच ठेवायचं. आई कळवळून त्याला खांद्यावर घेते, उभं धरते आणि तेवढ्यात बीपी कोसळून पोरगं डोळे फिरवतं, हे इतक्यांदा होतं की आता आम्ही आईलाच कॉटवर त्याच्या शेजारी झोपायला सांगतो. घाम-उलटीतून पाणी गेलेलं असतं म्हणून ओआरएस चमच्याने चालू ठेवतो.

विंचवाच्या विषावर प्रतिविषही आहे. महाडलाच झालेल्या आणि २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलला आलेल्या अभ्यासात प्राझोसिनबरोबर प्रतिविष दिलेले पेशंट नुसत्या प्राझोसिनपेक्षा लवकर सावरले. म्हणून असेल तर दोन्ही द्यावं, पण प्रतिविष यायची वाट बघत गोळी थांबवायची नाही.

याच्या बरोब्बर उलट केस म्हणजे अॅनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी अॅलर्जी. काजूच्या बागेत गांधीलमाश्यांचं पोळं फुटलं, किंवा कोळंबी खाल्ली, किंवा कुठे अँटिबायोटिकचं इंजेक्शन घेतलं आणि दहा मिनिटांत अंगावर गांधी, ओठ सुजले, घसा आवळला, बीपी लागत नाही. इथे शरीरातल्या वाहिन्या एकदम सैल पडून गळायला लागतात आणि श्वासनलिका आवळतात. आता वर सांगितलेले तिन्ही रिसेप्टर आठवा, अल्फा वाहिन्या आवळणार, बीटा-१ हृदय सावरणार, बीटा-२ श्वास मोकळा करणार, शिवाय ज्या पेशींतून ही रिअॅक्शन उसळते त्यांनाही अॅड्रेनलिन शांत करतं. एका औषधात सगळं. एक मिलिलिटरच्या अँप्यूलमध्ये १ मिलिग्रॅम असतं, मोठ्या माणसाला त्यातलं अर्धं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, आणि पाच मिनिटांत फरक नाही तर परत. एव्हिल (अॅलर्जीचं नेहमीचं औषध) आणि स्टिरॉइड नंतर द्या ना, कोण नको म्हणतंय, पण एव्हिलने खाज थांबते, घसा उघडत नाही, आणि स्टिरॉइडला काम करायला तास लागतात. आपल्याकडे अजूनही आधी हे दोन देऊन ‘बघू’ म्हणायची सवय आहे, त्या बघण्यात माणूस जातो. अॅड्रेनलिनची भीती वाटते ती शिरेतून देण्याची, ती रास्त आहे, पण मांडीत दिलेला योग्य डोस फार सुरक्षित असतो. हृदय बंद पडल्यावर मात्र तेच १ मिलिग्रॅम थेट शिरेत, दर तीन ते पाच मिनिटांनी, सीपीआर (छाती दाबत राहणं) न थांबवता.

आता काकांकडे येऊ. लेप्टोचे जंतू उंदरांच्या मुतातून शेतातल्या पाण्यात येतात, पायाच्या भेगांतून शिरतात. लावणीत दिवसभर चिखलात उभं राहायचं आणि पाय भेगाळलेले, दुसरं काय होणार. आजार वाढला की सेप्टिक शॉक, म्हणजे सगळ्या रक्तवाहिन्या एकदम ढिल्या पडतात. बागेतला पाइप तोच, पंप तोच, पण पाइप दुप्पट रुंद झाला तर टोकाला पाण्याची धार मरते, तसं किडनी-मेंदूपर्यंत रक्ताचा जोर पोचत नाही. म्हणून आधी सलाइन, किलोला ३० मिलिलिटरच्या हिशोबाने पहिल्या तीन तासांत, तेही लेप्टोमध्ये फुफ्फुसाकडे डोळा ठेवून कारण तिथे रक्तस्राव होऊ शकतो. तेवढ्याने भागलं नाही तर नॉरअॅड्रेनलिन, अल्फावर काम करून पाइप परत नेमका करायला. पूर्वी यासाठी डोपामिन जास्त वापरायचो, पण २०१० मध्ये एका मोठ्या अभ्यासात दिसलं की डोपामिनने हृदयाचे ठोके बिघडायचं प्रमाण जास्त आहे, तेव्हापासून नॉरअॅड पहिलं.

काचेतून तुम्ही बघत होता ते मशीन म्हणजे सिरिंज पंप. नातेवाईक पंपावरचा आकडा पाठ करतात, काल आठ होता आज पाच झाला म्हणजे सुधारणा, आणि खरं सांगायचं तर त्यांचं बरोबर असतं, डोस उतरतोय म्हणजे वाहिन्या स्वतःच्या बळावर उभ्या राहतायत. आम्ही सरासरी बीपी ६५ च्या आसपास राहील असा तो आकडा वर-खाली करत असतो. हे औषध रक्तात दोन-तीन मिनिटंच टिकतं, म्हणूनच ते सतत द्यावं लागतं. सिरिंज संपत आली की नर्स दुसरी आधीच भरून, नाव-वेळ लिहून, शेजारच्या पंपात चालू करून मगच पहिली काढते, कारण मधे अर्धा मिनिट जरी तुटलं तरी मॉनिटरवर बीपी धाडकन खाली येतं. रात्री तीन वाजता लाइट गेली आणि पंपाची बॅटरी दगा देणारी असेल तर काय होतं ते पावसाळ्यात कोकणात आयसीयू चालवणाऱ्याला विचारा. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धनजवळ धडकलं तेव्हा रायगड आणि दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तेव्हापासून फ्रिजमध्ये ठेवायची औषधं कोणती आणि बाहेर चालणारी कोणती याची यादी मी फ्रिजच्या दारावर चिकटवूनच टाकलीय.

मानेत लाइन टाकतात ती का, हेही विचारतात लोक. हातातल्या बारीक शिरेतून नॉरअॅड बाहेर पाझरलं तर तिथली चामडी रक्ताविना काळी पडून मरते. अगदी गरज असेल तर थोडा वेळ हाताच्या चांगल्या शिरेतून चालू करतो, पण दिवसभरासाठी मोठी शीर हवी. आणि फार जास्त डोस लागला तर पायाची बोटं निळी-काळी पडू शकतात, ते औषध चुकल्याचं लक्षण नसतं, जीव वाचवताना शरीराने कडेला पुरवठा तोडलेला असतो. पण हे सगळं करून लेप्टो बरा होत नाही हां. बरा होतो पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिअॅक्सोनने. नॉरअॅड तोवर माणूस धरून ठेवतं.

तिसरी केस प्रश्नात नाही पण आपल्या भागात सांगायलाच हवी, ती आंब्याच्या कलमांवरच्या फवारणीची. मोहोरावर तुडतुडा आला की पंप पाठीवर, वारा तोंडावर, मास्क म्हणून टॉवेल, आणि फवारा ऑर्गॅनोफॉस्फेट गटातला असेल तर संध्याकाळी माणूस लाळ गाळत, बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी, छातीत घरघर, अशा अवस्थेत येतो. कधी कोणी रागाच्या भरात पितंही. शरीरात असिटिलकोलिन नावाचं एक रसायन असतं, त्याचा निचरा करणारं एन्झाइम हे विष बंद पाडतं, मग ते साठत जातं आणि सगळ्या ग्रंथी पाझरायला लागतात. माणूस स्वतःच्या फुफ्फुसातल्या पाण्यात बुडतो.

यावर अॅट्रोपिन. ते असिटिलकोलिनची जागा अडवतं आणि पाझर थांबवतं. आपल्याकडचं अँप्यूल ०.६ मिलिग्रॅमचं, सुरुवातीलाच तीन-चार-पाच अँप्यूल एकदम, आणि दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट, छाती कोरडी होईपर्यंत. त्यामुळे मोठ्या केसला एका रात्रीत अँप्यूलांचा ढीग लागतो, टेबलावर काचांचा खच पडतो आणि नातेवाइकांना वाटतं की बिल फुगवतायत. नाही हो. इथेही डोस पेशंटच्या अंगावर वाचायचा असतो: स्टेथोस्कोप लावून छाती स्वच्छ, नाडी ८० च्या वर, आणि काखेत हात घालून बघायचं, काख कोरडी झाली का. फक्त बुबुळं बघून ठरवायचं नाही, ती उशिरा मोठी होतात. आणि जास्त झालं की पेशंट चादर चिवडायला लागतो, हवेत काहीतरी वेचतो, ताप चढतो, असंबद्ध बोलतो. गावातल्या जाणत्यांनी धोतऱ्याच्या बिया खाल्लेला माणूस पाहिला असेल तर त्यांना हे लगेच ओळखू येतं, कारण धोतऱ्यात अॅट्रोपिनच असतं. तेव्हा थांबायचं, मग कमी डोसवर परत. अॅट्रोपिन स्नायूंच्या अशक्तपणावर मात्र चालत नाही, मान उचलता येईना, श्वास उथळ झाला तर व्हेंटिलेटरच. पाम नावाचं दुसरं औषध त्या एन्झाइमला सोडवायला देतात, लवकर दिलं तर अर्थ, पण त्याच्यावर सगळी भिस्त ठेवू नये असं माझं मत. आणि कृपा करून बाटली घेऊन या, रिकामी असली तरी. सगळीच फवारणीची औषधं या गटातली नसतात, नाव कळलं तर आमचे दोन तास वाचतात. अंगावरचे कपडे काढून साबणाने धुतलंत तर कातडीतून आणखी विष आत जायचं थांबतं.

सापाचं थोडक्यात सांगतो, नाहीतर हे संपायचं नाही. कातळावर, गडग्याच्या दगडांत आपल्याकडे फुरसं उदंड. एवढंसं जनावर, पण त्याचं विष रक्तातले गोठवणारे घटक संपवून टाकतं. एएसव्ही म्हणजे घोड्याच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिविषाचं इंजेक्शन, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. हिरव्या चापड्यावर ते चालत नाही. सुरुवातीला आठ-दहा व्हायल, आणि पोराला पण तेवढ्याच, कारण सापाने वजन बघून विष सोडलेलं नसतं. हे प्रतिविष रक्तातलं मोकळं विष पकडतं, पण संपलेले घटक परत भरून देत नाही. ते लिव्हर बनवतं आणि त्याला साधारण सहा तास लागतात. म्हणून दर अर्ध्या तासाला ‘अजून दोन व्हायल चढवा’ म्हणून मागे लागू नका. आम्ही कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतो आणि मग तिरकी करतो, रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष चालू आहे. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली चालत नाही, निकाल खोटा येतो. घोड्याचं प्रथिन म्हणून एएसव्हीचीच रिअॅक्शन येऊ शकते, तेव्हा शेजारी भरून ठेवलेलं असतं ते परत अॅड्रेनलिनच. नाग चावून पापण्या पडल्या असतील तर निओस्टिग्मिन आणि अॅट्रोपिनची जोडी देतात, मण्यारीच्या विषात ती फारशी उपयोगी पडत नाही, तिथे व्हेंटिलेटर आणि धीर.

बाकी काही औषधं पटकन. किडनीच्या पेशंटचं पोटॅशियम चढलं की कॅल्शियम ग्लुकोनेट देतात, त्याने पोटॅशियम एक कणही उतरत नाही, फक्त हृदय तेवढा वेळ सांभाळलं जातं. उतरवतं ते ग्लुकोजबरोबरचं इन्सुलिन, तेही पोटॅशियम पेशींच्या आत ढकलून, शरीराबाहेर घालवायचं तर डायलिसिस किंवा लघवी. काही प्रकारच्या धडधडीत अॅडेनोसिन देतात, ६ मिलिग्रॅम झटक्यात शिरेत, आणि हृदय काही सेकंद अक्षरशः थांबून नव्या तालात सुरू होतं. पेशंटला वाटतं की आपण गेलो, म्हणून आधी सांगून द्यावं लागतं. हार्ट अॅटॅकला गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेज किंवा स्ट्रेप्टोकायनेज. आपल्याकडच्या बऱ्याच गावांतून अँजिओप्लास्टीच्या सोयीपर्यंत पोचायचं म्हणजे लांबचा प्रवास, रस्त्याची अवस्था तुम्ही जाणता. म्हणून ईसीजीत मोठा अॅटॅक दिसला, पोचायला दोन तासांच्या वर लागणार असतील आणि रक्तस्रावाचा धोका नसेल, तर हे इंजेक्शन इथेच घ्या आणि मग गाडीत बसा. ‘मोठ्या ठिकाणीच काय ते करू’ म्हणून निघालेले पेशंट उशिरा पोचतात, तोवर हृदयाचा स्नायू मेलेला असतो.

घरात काय ठेवायचं? साधी अॅस्पिरिन, छातीत भरून आल्यासारखं दुखलं की ३०० मिलिग्रॅम चावून खायची, अॅलर्जी किंवा अंगातून रक्त जात नसेल तर, आणि १०८ ला फोन. जिभेखालची सॉर्बिट्रेट शेजाऱ्याने दिली म्हणून घेऊ नका, बीपी आधीच कमी असेल तर ती माणसाला आडवं करते. घरात शुगरवाले असतील तर शुगर एकदम उतरली तर द्यायला साखर हाताशी, पण बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही. ओआरएसची पाकिटं. प्राझोसिन घरी ठेवू नका, पाय गार आहेत की नुसती भीती वाटलीय हे ठरवणारं कोणीतरी समोर लागतं, पण तुमच्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात साधी गोळी आहे का हे मार्चमध्येच जाऊन विचारून या. अॅड्रेनलिन ज्यांना एकदा अॅनाफिलॅक्सिस होऊन गेलाय त्यांनी डॉक्टरांकडून लिहून घेऊन, भरायला आणि टोचायला शिकून मगच जवळ ठेवावं, उन्हात तापणाऱ्या गाडीच्या कप्प्यात नाही, आणि द्रव तपकिरी दिसायला लागला की टाकून द्यावं.